जंतू मारल्याने शुगर जाते का? माझं उत्तर (कोर्स करून झालेल्याचं)

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांच्या एंडोस्कोपीत एच. पायलोरी (जठरात राहणारा जंतू) निघाला, मधुमेह ८-९ वर्षांपासून आहे, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ८.१ आहे, आणि "हा जंतू मारला की शुगर आपोआप उतरेल" असं कुणीतरी सांगितलंय. मी स्वतः १४ वर्षांचा जुना मधुमेही. हा जंतू मारायच्या औषधांचा १४ दिवसांचा कोर्स मी दोन वर्षांपूर्वी केला. डॉक्टर नाही, तेव्हा त्या हिशेबानेच वाचा.

कोर्स कराच. पण तो पोटासाठी करा, शुगरसाठी नाही.

संबंध मुळीच नाही असं मी म्हणत नाही. २०१२ साली अमेरिकेत सॅक्रामेंटोमधल्या साठीपुढच्या लॅटिनो लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुरुवातीला मधुमेह नसलेल्या ७८२ जणांवर काही वर्षं लक्ष ठेवलं होतं. ज्यांच्या रक्तात या जंतूच्या अँटिबॉडी होत्या, त्यांना मधुमेह होण्याचं प्रमाण इतरांच्या अडीच पटींहून जास्त निघालं. कारणंही पटण्यासारखी आहेत. हा जंतू जठराच्या अस्तरात वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतो, तिथे बारीक सूज धुमसत राहते, आणि सुजेतून रक्तात येणारी काही रसायनं इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतात. भुकेचं ग्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठरातच तयार होतं, तेही या सुजेने बिघडतं.

पण हा जंतू जगातल्या जवळपास निम्म्या लोकांच्या पोटात राहत आलाय, आणि त्यातल्या बहुतेकांना मधुमेह नाही. शिवाय गरिबी, वाढतं वय या गोष्टी जंतूशीही जोडलेल्या आहेत आणि मधुमेहाच्या धोक्याशीही. मग दोष कुणाच्या माथी मारायचा? उपचारानंतर साखर उतरते का, हे तपासलेले अभ्यासही एकमेकांशी जुळत नाहीत. काहींत थोडा फरक दिसला, काहींत काहीच नाही.

एक गंमत मात्र सांगतो, कारण ती कुणी सांगत नाही. या जंतूमुळे लोह नीट शोषलं जात नाही. अंगात लोह कमी असलं की एचबीए१सी खऱ्या साखरेपेक्षा वर दिसू शकतो. मग कोर्स होतो, लोहाच्या गोळ्या सुरू होतात, हिमोग्लोबिन सुधारतं, एचबीए१सी खाली येतो आणि माणूस सांगत सुटतो की जंतू मेला आणि शुगर गेली! ग्लुकोमीटरवरचे आकडे होते तिथेच असतात. म्हणून वडिलांचं हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि बी१२ आत्ताच बघून घ्या. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर बी१२ नक्कीच बघा. ते मेटफॉर्मिननेही घटतं आणि या जंतूनेही.

आता खरी काळजीची गोष्ट. कोर्समध्ये क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक असेल आणि वडील ग्लिबेनक्लामाइड किंवा ग्लिपिझाइडसारखी मधुमेहाची गोळी घेत असतील, तर साखर एकदम खाली येऊ शकते. माझं तेच झालं. चौथा दिवस, दुपारची वेळ. तोंडात सतत पैसा चघळल्यासारखी कडवट धातूची चव, त्यामुळे जेवण अर्धं टाकलेलं. शर्टाचं बटण लावताना बोटं थरथरायला लागली, मानेवर गार घाम. मीटरवर आकडा ५८. चार चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायलो आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा बोट टोचलं, तेव्हा ९१. कोर्स लिहून देणाऱ्याने मधुमेहाच्या गोळ्या कोणत्या, हे विचारलंच नव्हतं. आणि मीही सांगितलं नव्हतं, हेही खरं. तेव्हा वडिलांच्या सगळ्या गोळ्यांची यादी पोटाच्या आणि मधुमेहाच्या अशा दोन्ही डॉक्टरांना दाखवा, कोलेस्टेरॉलच्या गोळीसकट. सिमव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी क्लॅरिथ्रोमायसिनबरोबर चालत नाही, स्नायूंना इजा होऊ शकते. डोस आपल्या मनाने मात्र कमी-जास्त करू नका. ते १४ दिवस मीटर हाताशी ठेवा, जेवण बुडवू देऊ नका. कोर्समध्ये बिस्मथ हे पोटाचं औषध दिलं असेल तर शौच काळी होईल, घाबरू नका. डांबरासारखी चिकट झाली, चक्कर आली, तर मात्र लगेच दाखवा.

बरं वाटलं म्हणून आठव्या दिवशी कोर्स सोडायचा नाही. अर्धवट कोर्समधून वाचलेला जंतू पुढच्या वेळी त्याच औषधाला दाद देत नाही. त्यातून मधुमेह्यांमध्ये उपचार फसण्याचं प्रमाण तसंही जास्त आढळलंय.

कोर्स संपला म्हणजे जंतू गेलाच, असंही नाही. निदान ४ आठवडे थांबून श्वासाची किंवा शौचाची तपासणी करा. त्याआधी २ आठवडे ॲसिडिटीची गोळी बंद हवी, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट 'निगेटिव्ह' येऊ शकतो. श्वासाच्या तपासणीत त्रास काही नाही. पिशवीत फुंकायचं, युरिया घातलेलं पाणी प्यायचं, थोडा वेळ बसून पुन्हा फुंकायचं. जंतू असेल तर तो युरिया फोडतो आणि ते श्वासात पकडलं जातं. रक्तातली अँटिबॉडी तपासणी यासाठी करू नका. जंतू गेल्यावरही ती कित्येक महिने, कधी वर्षंसुद्धा 'पॉझिटिव्ह' येत राहते.

वडील मधुमेहाची कोणती गोळी घेतात, ते तुम्ही लिहिलेलं नाही. डॉक्टरांना आधी तेच विचारा, कोर्सची पहिली गोळी घेण्यापूर्वी.