ईओएफचे कोट काढल्यावर चाललं म्हणताय, पण बॅकअपची फाइल एकदा उघडून बघा

नमस्कार. तुमची अडचण वाचली, आणि त्याखाली तुम्हीच लिहिलेलं "कोट काढले, चाललं, धन्यवाद" हेही वाचलं. ते दुसरं वाचूनच लिहायला बसले. मोबाइलवरून लिहितेय, त्यामुळे कमांड देवनागरीत आहेत. माझा अनुभव बॅश (कमांड वाचून चालवणारा शेल) आणि डेबियन-उबुंटू या लिनक्सवरचा आहे. सगळं आधी फुकट जाईल अशा मशिनवर करून बघा, थेट चालू सर्व्हरवर नको.

आत्ताच आलेल्यांसाठी थोडक्यात: यांची सेटअप स्क्रिप्ट रूट, म्हणजे मशिनचे सगळे अधिकार असलेला युजर, म्हणून चालते. सुरुवातीला डेटाबेसचं नाव, पासवर्ड आणि बॅकअपचा फोल्डर अशी व्हेरिएबल्स भरली आहेत. पुढे "सुडो सू - पोस्टग्रेस" करून, म्हणजे पोस्टग्रेस डेटाबेसचा युजर होऊन, त्याला हिअरडॉकने (दोन ईओएफ खुणांच्या मध्ये लिहिलेल्या ओळींनी) आख्खा ब्लॉक दिलाय. त्यात डेटाबेस तयार होतो आणि रात्रीच्या बॅकअपची छोटी स्क्रिप्टही तिथेच लिहिली जाते. ब्लॉकच्या आत व्हेरिएबल्स रिकामी येत होती. एकाने सुडोला मोठा ई (आपली व्हेरिएबल्स सोबत न्यायचा पर्याय) लावायला सांगितला, त्याने काही झालं नाही. दुसऱ्याने ईओएफभोवतीचे सिंगल कोट काढायला सांगितले, आणि व्हेरिएबल्स आली.

मी 2016 साली हेच केलं होतं, याच क्रमाने. एका शिक्षण संस्थेच्या फी-नोंदणीचा सर्व्हर माझ्याकडे होता. ब्लॉकमध्ये व्हेरिएबल्स रिकामी, कोट काढले, भरली. मग एक एरर आली: स्लॅश रूट स्लॅश डॉट पीजीपास (पोस्टग्रेसचा पासवर्ड ठेवायची फाइल), परमिशन डिनाइड. मी तर डॉलर होम, म्हणजे युजरचा घरचा फोल्डर, लिहिलं होतं आणि ब्लॉक पोस्टग्रेस म्हणून चालत होता. त्याचं घर डेबियन-उबुंटूवर व्हार-लिब-पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये असतं. मग तो रूटच्या घरात शिरायला का गेला? हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारायला हवा होता. मी विचारला नाही. डॉलर होमच्या जागी पूर्ण पाथ लिहिला, एरर गेली, आणि सर्व्हर चालू करून दिला. तारीख 14 जून.

त्याच ब्लॉकमध्ये बॅकअपची ओळ होती. पीजी-डंप (डेटाबेसची प्रत काढणारी कमांड), आणि पुढे फाइलचं नाव: फीज, अंडरस्कोर, मग डॉलर-कंसात डेट, म्हणजे चालेल त्या दिवसाची तारीख. रोज रात्री अडीचला नव्या तारखेची नवी फाइल, आणि तीस दिवसांहून जुन्या फाइल उडवणारी एक फाइंडची ओळ. रोज सकाळी "बॅकअप पूर्ण" अशी मेल यायची. मेल खरी होती. बॅकअप रोज पूर्ण होत होता.

ऑगस्टच्या शेवटी ऑफिसातून फोन आला की, सवलतीच्या विद्यार्थ्यांच्या नोंदी बिघडल्या आहेत. 6 ऑगस्टला कोणीतरी एकगठ्ठा बदल केला होता, तो चुकीच्या वर्गांवर बसला होता. मी म्हटलं, काळजी करू नका, 5 तारखेचा डंप काढते. फोल्डरमध्ये एलएस करून फाइलची यादी बघितली. एकच फाइल. नावात 14 जून, आणि बदलल्याची वेळ फोन आला त्याच दिवशीच्या पहाटेची, 2 वाजून 31 मिनिटं.

बॅकअपची स्क्रिप्ट कॅट करून (आतला मजकूर छापून) पाहिली, तर डॉलर नाही, कंस नाही, डेट नाही. तिथे सरळ "2016-06-14" लिहिलेलं होतं. ज्या क्षणी मी सेटअप चालवला, त्या क्षणी रूटच्या शेलने ती डेट कमांड चालवून उत्तर तिथे चिकटवून टाकलं. अडीच महिने रोज रात्री तीच एक फाइल पुन्हा पुन्हा लिहिली गेली. बिघडलेल्या नोंदींनी चांगल्या नोंदी पुसल्या, आणि त्या दिवशीही सकाळी "बॅकअप पूर्ण" आलीच होती.

नऊ दिवस आम्ही तिघांनी पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती बघून नोंदी पुन्हा भरल्या. कार्बन फिका पडलेला, तीन की आठ ते कळायचं नाही, मग विद्यार्थ्याच्या घरी फोन करायचा. ते दिवस मी विसरलेली नाही. म्हणून "चाललं" हा शब्द वाचला की मला स्वस्थ बसवत नाही.

आता मूळ मुद्दा. व्हेरिएबल "पोचतंय का" याच्याआधी एक प्रश्न विचारायचा: हा डॉलर कोणाचा शेल उघडणार आहे, आणि कधी? ईओएफला कोट नसतील तर आख्खा ब्लॉक आधी रूटचा शेल वाचतो, दिसेल तो प्रत्येक डॉलर सोडवतो आणि उरलेला मजकूर पोस्टग्रेसच्या हातात देतो. तुम्हाला हवी होती ती तीन व्हेरिएबल्स सुटली, पण त्यांच्याबरोबर डॉलर होमही सुटलं आणि रात्री सुटायला हवी होती ती तारीख दुपारीच सुटली. कोट असतील तर ब्लॉक जसाच्या तसा पलीकडे जातो, आणि पलीकडच्या शेलला तुमची व्हेरिएबल्स माहीतच नसतात. बॅश-सीच्या पुढे डबल कोट की सिंगल कोट, तिथेही हेच होतं. तुमच्याकडे तर स्क्रिप्टच्या आत स्क्रिप्ट लिहिली जातेय, म्हणजे डॉलर सोडवायला दोन शेल बसलेत आणि खरं काम तिसऱ्याने रात्री करायचंय.

मोठा ई का चालला नाही, तेही सांगते, कारण तो सल्ला सगळीकडे दिसतो. सुडो मुळातच एन्व्हायर्नमेंट (कमांडसोबत जाणारी व्हेरिएबल्स) झाडून नवं देतो, आणि त्याला कारण आहे. एलडी-प्रीलोड, बॅश-एन्व्ह, पायथन-पाथ असली व्हेरिएबल्स रूटपर्यंत गेली तर कोणाचाही कोड रूट म्हणून चालू शकतो. मोठा ई ती झाडणी थांबवतो, तेसुद्धा सुडोअर्स या सुडोच्या नियमांच्या फाइलमध्ये परवानगी असेल तरच. पण तुमच्या ओळीत पुढे सू आणि डॅश आहे, आणि तो डॅश टर्म (टर्मिनलचा प्रकार सांगणारं व्हेरिएबल) सोडून जवळपास सगळं पुन्हा झाडतो. एकाने आणून दिलेलं दुसऱ्याने दारातच टाकलं. शिवाय व्हेरिएबल एक्स्पोर्ट (पुढच्या कमांडना द्यायला खुलं) केलेलं नसेल तर ई नेणार तरी काय? माझं मत विचाराल तर सेटअप स्क्रिप्टमध्ये सरसकट ई वापरूच नये. तो तुमचं होमसुद्धा सोबत नेतो, आणि मग तुमच्या घरात रूटच्या मालकीच्या फाइल सापडायला लागतात. न्यायचंच असेल तर प्रिझर्व्ह-एन्व्हपुढे बरोबरचं चिन्ह देऊन नेमकी नावं लिहा. ही सोय सुडो 1.8.21 पासून आहे.

मी आता असं करते. सू आणि डॅश काढून टाकायचं. "सुडो -यू पोस्टग्रेस बॅश -एस", मग दोन डॅश, मग प्रत्येकी वेगळ्या डबल कोटात आपली व्हेरिएबल्स, आणि हिअरडॉकच्या ईओएफला सिंगल कोट परत लावायचे. ब्लॉकच्या आत डॉलर एक म्हणजे डेटाबेसचं नाव, डॉलर दोन म्हणजे फोल्डर. पहिल्या दोन ओळींत त्यांना नीट नावं द्यायची. नावात स्पेस असो की अवतरणचिन्ह, मोडत नाही. काय ओलांडून गेलं ते एका ओळीत दिसतं, आणि बाकी सगळे डॉलर पलीकडच्या शेलचे राहतात. एक खड्डा मात्र आहे: अशा वेळी बॅश स्वतः स्टँडर्ड इनपुटवरून ब्लॉक वाचत असतो. आत पीएसक्यूएल (पोस्टग्रेसला कमांड देणारा प्रोग्रॅम) नुसतं चालवलं तर ते खालच्या ओळी गिळतं. त्याला सी किंवा एफ देऊन काम सांगा आणि इनपुट डेव्ह-नलकडून, म्हणजे रिकामं, द्या. ब्लॉक दहा ओळींच्या वर गेला तर मी सरळ वेगळी फाइल करते आणि तिला हीच आर्ग्युमेंट्स देते.

बॅकअपची स्क्रिप्ट तर हिअरडॉकने लिहूच नका. स्क्रिप्टने स्क्रिप्ट लिहायची नाही, हा माझा आता नियम आहे. काहींना तो अतिरेक वाटतो, वाटू दे. बॅकअपची स्क्रिप्ट तयार फाइल म्हणून सेटअपसोबत ठेवा, इन्स्टॉल कमांडने मालक आणि परवानगी देऊन जागेवर टाका. बदलणाऱ्या दोन-चार गोष्टी वेगळ्या कॉन्फ फाइलमध्ये. आणि डेट सरळ क्रॉनटॅबच्या (ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या क्रॉनच्या यादीच्या) ओळीत लिहायचा मोह झाला तर लक्षात ठेवा, तिथे टक्क्याचं चिन्ह म्हणजे नवी ओळ. त्याच्या आधी बॅकस्लॅश लागतो.

पासवर्डबद्दल वेगळं सांगायलाच हवं, कारण वरची आर्ग्युमेंटची युक्ती तुम्ही त्यालाही लावाल. लावू नका. आर्ग्युमेंट पीएसमध्ये (चालू प्रोग्रॅमच्या यादीत) सर्वांना दिसतं, आणि सुडो चालवलेली कमांड लॉगमध्ये लिहून ठेवतो. उबुंटूवर ती ऑथ-लॉगमध्ये सापडते, आणि ते लॉग पुढे कुठे कुठे कॉपी होतात देव जाणे. पासवर्डसाठी आधी इन्स्टॉलने 600 परवानगीची, त्या युजरच्या मालकीची रिकामी फाइल करा, मग प्रिंटएफने तिच्यात लिहा. प्रिंटएफ बॅशच्या पोटातलाच आहे, त्यामुळे पीएसमध्ये येत नाही. आणि मुळात पोस्टग्रेस युजरने त्याच मशिनवरून पोस्टग्रेसशी बोलायला डेबियन-उबुंटूवर पासवर्ड लागतच नाही, तिथे पिअर पद्धत (लिनक्सचा युजर कोण ते बघून आत घेणारी) आधीपासून लावलेली असते. मी ज्या पीजीपास फाइलसाठी झगडले, तिची गरजच नव्हती.

रिकाम्या व्हेरिएबलची भीती मात्र तुमची रास्त आहे. 2015 मध्ये लिनक्सवरच्या स्टीम या गेमच्या ॲपच्या स्क्रिप्टमध्ये एक पाथ रिकामा आला, आणि पुढे आरएम -आरएफ (न विचारता सगळं पुसणारी कमांड) होता. लोकांच्या फाइल गेल्या. स्क्रिप्टच्या सुरुवातीला सेट -यू लावा (मुळात न ठरवलेलं व्हेरिएबल वापरलं की तो थांबवतो), आणि फोल्डरच्या व्हेरिएबलला महिरपी कंसात कोलन-प्रश्नचिन्ह लावा, म्हणजे रिकामं असलं तर स्क्रिप्ट तिथेच थांबेल. पण सेट -यू पलीकडच्या शेलमध्ये आपोआप जात नाही, ब्लॉकच्या पहिल्या ओळीत तो पुन्हा लिहावा लागतो. बहुतेक जण हे विसरतात.

हे सगळं निवांत करा. आज रात्री क्रॉन चालायच्या आत फक्त एवढं करा: तयार झालेली बॅकअपची स्क्रिप्ट कॅट करून फाइलच्या नावाची ओळ बघा. तिथे डॉलर दिसला तर ठीक. आकड्यांत तारीख दिसली, तर फोल्डरमधली आत्ताची फाइल दुसऱ्या नावाने आणि शक्यतो दुसऱ्या मशिनवर कॉपी करून ठेवा, मगच स्क्रिप्टला हात लावा. ती ओळ इथे टाकलीत तर मी बघते. पासवर्ड तेवढा झाकून टाका.