प्रवासाचे प्रश्न: चाळीस मिनिटं चालल्यावर दिसणारं पाणी

प्रश्न: नमस्कार ताई. आम्ही बेळगाव शहापूरचे. माझं वय ६१, यांचं ६७. मुलगा बार्सिलोनाला नोकरीला आहे, त्यानं सप्टेंबरात बोलावलंय. म्हणतोय आई, तुम्हाला स्पेनच्याच मिनोर्का नावाच्या बेटावर नेतो, तिथं डोंगराच्या मधे एवढासा बीच आहे, गाडी जात नाही, चालत जायचं आणि दिवसभर बसायचं. आमचा समुद्र म्हणजे चोर्ला घाटातून गोवा नाहीतर आंबोलीवरनं वेंगुर्ला, सकाळी निघायचं रात्री परत. एवढा खर्च करून लांब जायचं आणि एकाच जागी बसून दिवस काढायचा हे मनाला पटेना झालंय. यांचा गुडघा दुखतो, मला पोहता येत नाही, साडी आणि पंजाबी ड्रेस सोडून मी काही घालत नाही. जावं का?
– एक वाचक, शहापूर

उत्तर: काकू, जावा. मुलगा शहाणा आहे तुमचा, नाहीतर पोरं आईबापाला सात दिवसांत पाच शहरं दाखवून दमवून घरी पाठवतात.

मी त्या बेटावर दोन वर्षांमागं जूनमध्ये गेले होते म्हणून खात्रीनं सांगते. तिकडं अशा छोट्या बीचला 'काला' म्हणतात. दोन्ही बाजूंना चुनखडीचे पांढरे कडे, मधे पाण्याचा एक चिंचोळा तुकडा आत शिरलेला आणि त्याच्या टोकाला आपल्या वाड्याच्या अंगणाएवढी वाळू, एवढंच. मुलगा बहुतेक तुम्हाला काला माकारेला किंवा त्याच्या शेजारच्या माकारेलेताला नेणार. उन्हाळ्याच्या सीझनला तिथं खासगी गाड्या आत सोडत नाहीत, सिउतादेया गावातनं बस असते, नाहीतर काला गाल्दाना नावाच्या बीचवरनं चालत. ही चालायची वाट म्हणजे बेटाभोवती फिरणारी जुनी घोड्यांची वाट आहे, एकूण १८५ किलोमीटर, पूर्वी समुद्रावर पहारा ठेवायला घोडेस्वार जायचे तिथनं. तुमच्या वाट्याला त्यातली फक्त तीस-चाळीस मिनिटं येतात. पण सुरुवातीला चढायला आणि शेवटी उतरायला पायऱ्या आहेत आणि काकांचा गुडघा तिथं बोलणार, म्हणून हातात काठी पाहिजेच. त्यांना नाहीच जमलं तर जबरदस्ती करू नका, गाल्दानाचा बीच रस्त्याला लागूनच आहे, किंवा सीझनला बोटी असतात त्यातनं पाण्यावरनंच काला बघता येतात. बस असली तर मात्र बसच धरा, पायऱ्यांचा त्रास वाचतो.

आता तुमचा खरा प्रश्न, नुसतं बसून काय करायचं. काकू, तो समुद्र आपल्यासारखा नाहीच. आपल्याकडं भरती-ओहोटीत पाणी दोन-तीन मीटर वरखाली होतं, सकाळी बसलेली जागा दुपारी पाण्याखाली. भूमध्य समुद्र चारी बाजूंनी जवळजवळ बंद आहे, मोठ्या महासागराला जोडणारी जिब्राल्टरची वाट अरुंदात अरुंद जागी जेमतेम चौदा किलोमीटर रुंद, त्यामुळं तिथं भरती बहुतेक ठिकाणी वीतभर-दोन वीत. वारा नसेल तर लाट येतच नाही म्हटलं तरी चालेल, वाळूच्या कडेला पाणी नुसतं चुळुक-चुळुक करतं, आपण तळ्याकाठी बसल्यासारखं. आणि आपल्या पावसाळ्यात नद्या जो गाळ समुद्रात आणून ओततात तसं त्या बेटावर होत नाही, शिवाय त्या पाण्यात पोषणच कमी म्हणून शेवाळ-बिवाळ फार वाढत नाही, त्यानं पाणी काचेसारखं राहतं. मी सकाळी साडेआठला पोचले तेव्हा माझ्याशिवाय दोघंच होती. लांब एक छोटी होडी उभी होती आणि तिची सावली खाली तळाच्या वाळूवर पडलेली स्पष्ट दिसत होती, होडी आणि सावली यांच्या मधे पाणी आहे हे लक्षातच येत नव्हतं, जणू ती हवेतच टांगलीय. मी अर्धा तास तेच बघत बसले. वर पाईनची झाडं अगदी वाळूपर्यंत उतरलेली, ऊन तापायला लागलं की त्यांच्या डिंकाचा वास येतो.

पोहता येत नाही तर काही बिघडत नाही, गुडघाभर पाण्यात उभं राहा, पायाची नखं दिसतील. पण चार पावलं पुढं तळ एकदम खोल जातो काही ठिकाणी, म्हणून मुलाचा हात धरा आणि झेंडा बघा, लाल असेल तर पाण्यात पाऊलही टाकायचं नाही. सप्टेंबरात पाणी चोवीस-पंचवीस डिग्रीला असतं, आपल्या गोव्याच्या पाण्यापेक्षा जरा गार पण सोसवतं. मे महिन्यात गेला असता तर थंडीनं कुडकुडला असता.

कपड्यांचं म्हणाल तर पंजाबी ड्रेसमध्ये बिनधास्त पाण्यात जावा, कोणी वळून बघत नाही. साडी मात्र पाण्यात पायात अडकते, ती नको. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते म्हणजे तिथं गेल्यावर तुम्हाला अवघडल्यासारखं होणार नाही, माकारेलेतासारख्या काही कालांवर काही लोक अंगावर काहीच न घालता ऊन खात बसतात. त्यांच्या दृष्टीनं त्यात वावगं नाही, कोणी कोणाला त्रास देत नाही. नको वाटलं तर माकारेलाच्या मोठ्या वाळूवर बसा, तिथं कुटुंबं असतात.

पायात चप्पल नको. मी साध्या सँडलवर गेले, वाटेत खडे घुसून टाचेला हा एवढा फोड आला, येताना एक-एक पाऊल मोजत आले. बूट घाला आणि पाण्यासाठी रबरी बूट वेगळे घ्या, खडकावर काटेरी समुद्री प्राणी चिकटलेले असतात, त्यांचा काटा पायात मोडला तर निघता निघत नाही. पाणी माणशी दोन लिटर. जेवण मुलाच्या घरनं चपात्या आणि शेंगाची चटणी घेऊन जावा, तिकडं ब्रेडवर टोमॅटो चोळून तेल-मीठ घालून देतात तेही शाकाहारी माणसाला छान. कुंदा मात्र बेळगावातनं नेऊ नका, युरोपात बाहेरच्या देशातनं दुधाचे पदार्थ बॅगेतनं न्यायला बंदी आहे, विमानतळावर काढून टाकतील आणि जीव हळहळेल.

आणि मुलाला सांगा, आदल्या रात्री वारा कुठून आहे बघ. उत्तरेचा वारा असेल तर दक्षिणेकडच्या या काला शांत, दक्षिणेचा असेल तर त्याच जागी लाटा आणि कचरा, मग सरळ बेटाच्या उत्तर बाजूला प्रेगोंदाला जायचं, तिथली वाळू तांबूस आहे, आपल्या मातीची आठवण येईल. व्हिसाला प्रवासाचा विमा कमीत कमी तीस हजार युरोंचा लागतो, काकांचा जुना आजार असेल तर विमा काढतानाच लिहा, लपवू नका.

प्रश्न: फोटोत बघून भूमध्य समुद्रावर गेलो तर किनाऱ्यावर सगळीकडं तपकिरी वाळका पाला पडलेला. हॉटेलवाले साफ का करत नाहीत? पैसे वाया गेले असं वाटलं.
– एक वाचक, निपाणी

उत्तर: दादा, तो कचरा नाही हो. त्याला पॉसिडोनिया म्हणतात, शेवाळ नव्हे, समुद्राच्या तळाला उगवणारी खरीखुरी फुलझाडाची जात, फक्त भूमध्य समुद्रातच सापडते. तिची पानं झडून किनाऱ्याला लागतात आणि त्यांचा जो थर साचतो तोच हिवाळ्याच्या लाटांपासून वाळू धरून ठेवतो. तो पाला उचलला तर हळूहळू बीचच बारीक होत जातो. आपण उसाचा पाला न जाळता शेतात ठेवतो तसंच समजा. ही झाडं फार हळू पसरतात, वर्षाला काही सेंटिमीटर, म्हणून मिनोर्का ज्या बेटसमूहात येतं तिथं २०१८ पासून बोटीचा नांगर त्यांच्यावर टाकायला कायद्यानं बंदी आहे. पुढच्या वेळी त्या पाल्यात हात घालून बघा, नारळाच्या काथ्यासारखे गोल गोल गोळे सापडतात, लाटांनी वळून वळून केलेले. मी एक हातात घेतला तर वजनच लागेना, चिमणीच्या घरट्यासारखा हलका. बघून परत तिथंच ठेवला.

प्रश्न: आम्ही इटलीला चाललोय, सार्डिनियालाही जाणार. तिथले पांढरेशुभ्र गोटे तुळशी वृंदावनाभोवती लावायला आणावेत असं आईला वाटतंय. थोडे आणले तर चालतील ना? आणि तिथली काला गोलोरित्झे शांत असते का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर: आईंची इच्छा समजते पण नाही चालत. २०१७ पासून सार्डिनियात वाळू, गोटे, शिंपले नेणाऱ्याला ५०० ते ३००० युरो दंड आहे, आणि विमानतळावर, बंदरावर सामान तपासतात. एकानं मूठभर नेली तर काय होतंय असं वाटतं, पण येणारे लाखो, म्हणून तो कायदा. वृंदावनाला आपल्या मलप्रभेचे गोटे लावा.

गोलोरित्झे शांत आहे ती नियमामुळं. दिवसाला २५० माणसंच सोडतात, आधी बुकिंग करून थोडे पैसे भरायचे, वरच्या पठारावरनं तासभर उतरायचं आणि तीच वाट परत चढून यायचं, बोटीला किनाऱ्याला लागायची परवानगी नाही. फ्रान्समध्ये मार्से शहराजवळ सुजितों नावाच्या अशाच कड्यांमधल्या बीचलाही २०२२ पासून उन्हाळ्यात दिवसाला ४०० जणांचीच नोंदणी घेतात, फुकट असते पण आधी करावी लागते. त्याआधी एका दिवसात दोन-अडीच हजार माणसं यायची, लोकांच्या पायांनी माती निघून पाईनची मुळं उघडी पडली होती. म्हणून तिकीट काढतानाच ही नोंदणी बघा, तिथं जाऊन बघू म्हणालात तर वरच्या वरनं परत फिरावं लागेल. आईंना चढ झेपेल का ते मात्र आधी आपल्या राजहंसगडावर नेऊन बघा, आणि लक्षात ठेवा, तिथं उतार आधी आहे आणि चढ शेवटी, भर उन्हात.