अकरा शाळांची यादी आणि १५ जानेवारी

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलगी आठवीत आहे, नववीपासून तिला बोर्डिंग स्कूलला घालायचा विचार आहे. माझ्या नवऱ्याने ११ शाळा काढल्या आहेत: अँडओव्हर, एक्झिटर, चोट, डीअरफील्ड, हॉचकिस, सेंट पॉल्स, ग्रोटन, लॉरेन्सव्हिल, पेडी, एमा विलार्ड आणि कॅलिफोर्नियातली थॅचर. बहुतेकांची मुदत १५ जानेवारी आहे आणि डिसेंबर सुरू झाला तरी आमचा एकच मोठा निबंध झालाय, आजीच्या गोधडीवर आणि दोन संस्कृतींवर. मी तो रोज रात्री सुधारते, पण आता तिलाच तो आवडेनासा झालाय. ‘आमचीच शाळा का?’ या प्रश्नाचं एकच उत्तर लिहून फक्त शाळेचं नाव बदललं तर चालेल का? मुलगी घरात बडबडी, वर्गात गप्प. शनिवार मराठी शाळा आणि व्हायोलिनमध्ये जातो. उन्हाळ्यातले सगळे रविवार बाबांच्या क्रिकेट लीगचा स्कोअर लिहिण्यात वाया गेले, नाहीतर हे तेव्हाच उरकलं असतं. निबंध कसे आवरायचे?

उत्तर:

नमस्कार ताई,

नाव बदलून चालणार नाही. वाचणारी माणसं वर्षानुवर्षं हेच वाचतात. ‘उत्तम शिक्षक, सुंदर परिसर, विविध पार्श्वभूमीचे विद्यार्थी’ हे वाक्य कुठल्याही शाळेला लागू पडतं, म्हणून ते कुणालाच लागू पडत नाही.

पण तुमची खरी अडचण निबंधांची नाही, यादीची आहे. यादी आवरली की निबंध आपोआप आवरतात. ११ शाळांना ‘तुम्हीच का’ हे १३ वर्षांच्या मुलीने मनापासून सांगावं, ही अपेक्षाच चुकीची आहे. सामायिक अर्जामुळे, म्हणजे अनेक शाळांना चालणाऱ्या एकाच अर्जामुळे, मोठा निबंध एकदाच लिहून भागतं हे खरं. पण शाळेशाळेचे स्वतःचे छोटे प्रश्न वेगळे असतात, आणि यादी लांबली की घाईघाईत तेच उरकले जातात.

तुमच्या यजमानांची यादी नावांवरून केलेली दिसते. नावं मोठी आहेत यात वाद नाही. अँडओव्हर १७७८ची, एक्झिटर १७८१ची. दोन्हीकडे शंभरातल्या ऐंशीहून जास्त अर्जांना नकार मिळतो. अशा शाळांना जास्त अर्ज टाकले की एक तरी लागेल, हा लॉटरीच्या तिकिटांचा हिशोब झाला. तिकीट दहावं असो की पहिलं, त्याचं वजन सारखंच असतं. इथे दहावा अर्ज पहिल्यापेक्षा हमखास कच्चा निघतो.

म्हणून आज संध्याकाळी एक करा. तिला वेबसाइट न उघडता विचारा: चोट, डीअरफील्ड आणि हॉचकिस यांच्यात फरक काय? दोन वाक्यांत सांगता आला नाही, तर त्यांतली जी जास्तीत जास्त एक तिला खरंच बघावीशी वाटते ती ठेवा, बाकीच्या काढा.

थॅचरचंही तसंच. तिथे पहिल्या वर्षी प्रत्येक मुलामुलीकडे एक घोडा सोपवतात. सकाळी उठून त्याचं खाणंपिणं बघायचं, तबेला साफ करायचा. काही मुलांसाठी यासारखी दुसरी शाळा नाही. तुमच्या लेकीने घोड्याचं नावही कधी काढलं नसेल, तर केवळ नावलौकिकासाठी तीन हजार मैलांवर लीद काढायला तिला पाठवू नका.

वर्गात ती गप्प असते असं तुम्ही सहज लिहून गेलात. माझ्या मते शाळा निवडताना सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे. एक्झिटरला वर्ग हार्कनेस पद्धतीने चालतो. १९३० साली एडवर्ड हार्कनेस यांनी दिलेल्या देणगीतून ती सुरू झाली: लंबगोल टेबल, भोवती साधारण बारा मुलं आणि शिक्षक. मागचा बाक नाहीच. धडा मुलांच्या चर्चेतूनच पुढे जातो. लॉरेन्सव्हिललाही हीच पद्धत. गप्प मुलगी अशा टेबलाशी एक तर मोकळी होते, नाहीतर चार वर्षं रोज पोटात गोळा घेऊन बसते. कुठलं होईल ते मला इथे बसून सांगता येणार नाही, तुम्हालाही नाही. तिला प्रत्यक्ष वर्गात बसू द्या. लॉरेन्सव्हिल तुमच्यापासून तासाभराच्या आत आहे. भेटीला जाल तेव्हा एखाद्या तासाला बसता येईल का, असं प्रवेश कार्यालयाला विचारा. परत येताना गाडीत ती काय बोलते ते ऐका. तुम्ही बोलू नका.

आकारही बघा. एक्झिटरला अकराशेच्या आसपास मुलं, ग्रोटनला चारशेच्याही आत. सेंट पॉल्सला सगळेच कॅम्पसवर राहतात, डे स्टुडंट नाहीतच, त्यामुळे शनिवार-रविवारीही शाळा भरलेली असते. लॉरेन्सव्हिल आणि पेडीला घरून येणारी मुलंही असतात. एमा विलार्ड फक्त मुलींची आहे. हे लेकीला माहीत आहे का, हे जरूर विचारा. कधीकधी मुलांना ते मुलाखतीच्या दिवशी कळतं.

यादीत नसलेली एक शाळा मी सुचवीन: पेनसिल्व्हेनियातली जॉर्ज स्कूल. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या परंपरेची आहे. तिथे सगळी शाळा एकत्र येऊन काही वेळ शांत बसते आणि ज्याला मनातून बोलावंसं वाटेल तोच उठून बोलतो. आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) हा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमही आहे. प्रवेशाची चुरस अँडओव्हरइतकी जीवघेणी नाही. तुमच्या यादीत तुलनेने सोप्या प्रवेशाच्या शाळा फारच कमी आहेत, आणि ती उणीव मोठी आहे. पाच-सहा शाळा ठेवा, त्यांतल्या दोन तरी अशा असू द्या की जिथे तिला प्रवेश मिळण्याची खरी आशा आहे आणि मिळाला तर ती आनंदाने जाईल.

आता निबंध. गोधडीचा निबंध बाजूला ठेवा. आजीविषयी कितीही माया असली तरी आजी, भारतभेट आणि ‘मी दोन जगांत वाढते’ या वाटेने इथली आपली असंख्य मुलं जातात. आणि रोज रात्री तुम्ही सुधारता म्हणता, म्हणजे आता त्यात मुलगी कमी आणि आई जास्त असणार. तिला तो आवडेनासा झाला यात नवल काय?

तुमच्या पत्रातला माझ्या मते सगळ्यांत मोलाचा भाग म्हणजे ‘वाया गेलेले’ रविवार! तेरा वर्षांची मुलगी मोठ्या माणसांच्या सामन्यात स्कोअर लिहिते. कधीतरी कुणी काका येऊन म्हणाला असेल, ‘अगं, तो वाइड नव्हता’ किंवा ‘माझी एक धाव राहिली.’ तेव्हा तिने काय केलं? वही पुढे केली, की बाबांकडे बघितलं? बाबांच्याच विरोधात कधी नोंद करावी लागली का? वर्गात हात वर न करणारी मुलगी तिथे आवाज कसा काढते? यातलं एक उत्तर जरी खरं निघालं तरी निबंध सापडला. तिला हे प्रश्न विचारा, ती बोलत असताना फोनवर रेकॉर्ड करा आणि तिचं तिलाच ऐकून लिहू द्या. इंग्रजी थोडं ओबडधोबड राहिलं तरी चालेल.

ते का चालेल, तेही सांगते. एसएसएटी या खाजगी शाळांच्या प्रवेशपरीक्षेत २५ मिनिटांचा एक लेखनाचा भाग असतो. त्याला गुण नसतात, पण ती परीक्षा दिली तर ते लिखाण शाळांकडे जसंच्या तसं जातं. शिवाय इंग्रजीच्या शिक्षकांचं शिफारसपत्र असतं आणि मुलाखत असते. एका बाजूला चाळिशीतल्या सुशिक्षित बाईचा निबंध आणि दुसऱ्या बाजूला तेराव्या वर्षाची घाईची पानं, ही विसंगती लपत नाही. एआयकडून लिहून घेतलेल्याचंही तेच. शुद्धलेखन आणि विरामचिन्हं एकदा तपासा, तेवढं पुरे.

तुमचा जो हात शिवशिवतोय त्यालाही काम आहे. पालकांचं निवेदन हा अर्जाचा वेगळा भाग असतो. बहुतेक घरांत तो शेवटच्या रात्री कौतुकाची विशेषणं भरून संपवतात. तुम्ही तिथे वेळ द्या. ती वर्गात गप्प का असते, घरी काय बोलते, कशावर अडून बसते, हे सरळ लिहा. दोष लिहायला घाबरू नका. वसतिगृहात तिला सांभाळणाऱ्यांना नेमकं हेच हवं असतं.

‘आमचीच शाळा का’ची उत्तरं लिहिताना पहिल्या पसंतीच्या शाळेपासून सुरुवात करू नका. दुसऱ्या किंवा तिसऱ्या शाळेवर हात बसू द्या. प्रत्येक उत्तरात तिची एक गोष्ट आणि त्या शाळेची एक गोष्ट जोडलेली हवी. व्हायोलिन असेल तर तिथल्या ऑर्केस्ट्रात नववीच्या मुलांना बसू देतात का, हे प्रवेश कार्यालयाला तिने स्वतः ईमेल करून विचारावं. आलेलं उत्तर हाच निम्मा मजकूर.

एक काम मात्र निबंधांच्याही आधी, याच आठवड्यात: इंग्रजी आणि गणिताच्या शिक्षकांना शिफारसपत्राचं सांगा आणि शाळेकडे गुणपत्रकं मागा. नाताळच्या सुट्टीत कुणी सापडत नाही. मुलाखतीच्या वेळाही लगेच घ्या, जानेवारीतल्या झपाट्याने भरतात.

पैशांबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत. राहण्याजेवणासह वर्षाला ७०,००० डॉलर किंवा त्याहून जास्त धरून चला. अँडओव्हर आणि एक्झिटर प्रवेश ठरवताना घरची ऐपत बघत नाहीत, इतर बऱ्याच शाळा बघतात. मदत लागणार असेल तर तिचा अर्ज वेगळा असतो आणि त्याची मुदतही याच सुमारास असते. पहिल्या वर्षी संकोचाने मागायची राहिली तर पुढे मिळणं फार कठीण जातं.

निकाल बहुतेक ठिकाणी १० मार्चला लागतात आणि १० एप्रिलपर्यंत कळवायचं असतं. या महिन्याभरात ‘नको, मी इथेच एडिसनच्या सरकारी हायस्कूलला, जे. पी. स्टीव्हन्सला जाते’ असं म्हणायची तिला मुभा आहे, हे तिला आत्ताच सांगून ठेवा आणि तिच्या बाबांनाही सांगा. आणि कुठे वेटलिस्टवर राहिली, आणि तीच शाळा तिला हवी असेल, तर शाळेला चार ओळींचं पत्र पाठवायला हरकत नाही. तेही तिनेच लिहायचं.