"सगळं निघालं ना?"

स्तनाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया होऊन आलेल्या बायका समोर बसल्या की हा प्रश्न येतोच. "मॅडम, सगळं निघालं ना? आत काही राहिलं नसेल ना?" रत्नागिरीत इतकी वर्षं समुपदेशनाचं काम करते आहे. कुणी पहिल्या पाच मिनिटांत विचारतं, कुणी चौथ्या भेटीत, दाराशी चपला घालताना.

जयगडकडच्या मावशींनी (ओळख कळू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत) तो बसायच्या आधीच विचारला. मुंबईत गाठ काढली होती, स्तन राखला होता. रिपोर्टमध्ये काढलेल्या गाठीच्या कडा स्वच्छ होत्या, म्हणजे कडेवर कॅन्सर सापडला नव्हता. आता रेडिएशन सुरू व्हायचं होतं, पण मावशी जायला तयार नव्हत्या. "आधी सगळंच काढा म्हणावं." भाच्याने मोबाइलवर बातमी पाठवली होती: अमेरिकेत आत उरलेला कॅन्सर आता दिव्याखाली चमकतो. "माझ्या वेळेस तो दिवा नव्हता ना!"

बातमी खरी होती आणि खरी बातमी उडवून लावणं मला पटत नाही. म्हणून आधी ती नीट सांगितली. पेग्युलिसायनिन नावाचं औषध शस्त्रक्रियेच्या २ ते ६ तास आधी शिरेतून देतात. कॅन्सरच्या जागी जास्त असणारी काही एन्झाइम्स (विकरं) त्या औषधाला तोडतात आणि तो भाग खास प्रकाशात उजळतो. गाठ काढल्यावर सर्जन आतल्या पोकळीत हातातला छोटा कॅमेरा फिरवतात. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली. अभ्यासातल्या ३५७ जणींपैकी २७ जणींचा मागे राहिलेला कॅन्सर त्यामुळे निघाला. हे मोठं काम आहे. पण कॅन्सर उरलेल्या जागांपैकी साधारण निम्म्याच उजळल्या, काही निरोगी जागाही उजळल्या आणि काही जणींना औषधाची तीव्र ॲलर्जी झाली.

"म्हणजे दिव्यालाही सगळं दिसत नाही?"

"नाही."

"मग मला खात्री कोण देणार? खात्री हवीच मला."

त्या 'च'पाशी मी थांबले. खात्री हवीशी वाटणं माणसाचं आहे, पण हवीच म्हटलं की झोप उडते. माणसाला आजारापेक्षा हा 'च' जास्त छळतो, असं माझं मत दर वर्षी पक्कं होत गेलं आहे. पण तसं तोंडावर सांगून उपयोग नसतो. मी विषय बदलला. नातू काय खातो?

"तारल्या. काटे काढून भरवते."

"एकही काटा राहिला नाही याची खात्री असते?"

"खात्री कसली! उजेडात बघते, बोटांनी चाचपते, भातात कालवताना परत बघते. नि तो जेवून उठेपर्यंत समोरून हलत नाही."

बोलता बोलता मावशी गप्प झाल्या. मीही बोलले नाही. असा क्षण घाईने उचलायचा नसतो, हे मी फार उशिरा शिकले.

"रेडिएशन म्हणजे परत कालवून बघणं होय?"

मी फक्त मान हलवली. नंतरच्या तपासण्या म्हणजे समोर बसणं, हेही त्याच म्हणाल्या.

सगळ्याच मैत्रिणींसाठी सांगते. काढलेल्या गाठीच्या कडांना शाई लावून त्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. आजूबाजूच्या भागात शिरणाऱ्या (इन्व्हेसिव्ह) प्रकारात शाईवर कॅन्सरच्या पेशी नसणं म्हणजे कड स्वच्छ. कडेला सापडल्या तर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागू शकते. रिपोर्टमधली ती ओळ डॉक्टरांकडून वाचून घ्या. शस्त्रक्रिया व्हायची असेल, तर टेबलावर असतानाच कडा तपासायची सोय आहे का, ते आधी विचारा. २००२ साली अमेरिकेचे सर्जन बर्नार्ड फिशर आणि इटलीचे सर्जन उंबर्टो वेरोनेझी यांच्या अभ्यासांचे २० वर्षांचे निकाल आले. गाठ काढून रेडिएशन घेतलेल्या आणि पूर्ण स्तन काढलेल्या बायका सारख्याच जगल्या. राखलेल्या स्तनात पुन्हा गाठ होण्याची शक्यता राहते, हेही मी लपवत नाही. म्हणूनच रेडिएशन चुकवायचं नाही.

तिसऱ्या भेटीत मावशींनी फाइल उघडली. रेडिएशनची तारीख पक्की झाली होती. "सकाळी पोचायला कुठली गाडी बरी, मॅडम?"