ज्वालामुखीखाली वेगवेगळे मॅग्मा (जमिनीखालचे वितळलेले खडक) खरंच मिसळतात का? साताऱ्याच्या दगडात ते दिसतं का?

कास रस्त्यावरच्या काळ्या कातळातले पांढरे ठिपके दोन मॅग्मा मिसळल्यामुळे आलेत का, असं तुम्ही विचारलंय. नाही, त्यांचा मिश्रणाशी संबंध नाही. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले, त्यांच्या पोकळ्या झाल्या, आणि पुढे खडकात झिरपणाऱ्या पाण्यानं त्यांत झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी ही खनिजं भरली.

पण मॅग्मा मिसळतात हे खरं आहे. आइसलँडचे खडक तपासून रॉबर्ट बुन्सेन यांनी (होय, प्रयोगशाळेतल्या बर्नरवाले रसायनशास्त्रज्ञ बुन्सेन) १८५१ मध्येच ही कल्पना मांडली होती. मात्र हे मिसळणं सोपं नाही. बेसाल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या कातळाचा, मॅग्मा ११०० ते १२०० अंश सेल्सिअसचा आणि पातळ. सिलिका (गारगोटी ज्याची बनते ते द्रव्य) जास्त असलेला मॅग्मा कित्येकशे अंशांनी थंड आणि प्रचंड घट्ट. थंडीत घट्ट झालेल्या काकवीत पाणी ओतून बघा, लगेच एकजीव होत नाही. त्यात बेसाल्ट थंड मॅग्माला भिडताच स्वतः गार होतो, त्यात स्फटिक धरतात आणि तोही घट्ट होतो. म्हणून पुष्कळदा फिकट खडकात बेसाल्टचे गडद, गोलसर गोळे तसेच राहिलेले सापडतात.

फिलिपिन्सच्या पिनातुबो ज्वालामुखीत, १९९१ साली, सुमारे ७८० अंशांच्या डेसाइटच्या (सिलिका जास्त असलेल्या मॅग्माच्या) साठ्यात खालून तापलेला बेसाल्ट घुसला. जूनच्या सुरुवातीला वर आलेला अँडेसाइट हा खडक या दोघांचं मिश्रण होता. १५ जूनला महास्फोट झाला. नव्या मॅग्मानं उष्णता आणि वायू आणले की जुना साठा असा चाळवतो.

मला यातले स्फटिक सगळ्यांत मोलाचे वाटतात. प्लेजिओक्लेज या खनिजाचा स्फटिक गरम मॅग्मात सापडला की त्याची कड विरघळते, मग तिच्यावर कॅल्शियम जास्त असलेला नवा थर चढतो. सूक्ष्मदर्शकाखाली हे थर स्वच्छ दिसतात. आणि कडांमधली मूलद्रव्यं किती सरकली, यावरून मिश्रणानंतर उद्रेकाला किती दिवस किंवा वर्षं लागली याचा अंदाज बांधता येतो.

आपल्या सह्याद्रीत बहुतेक सगळा बेसाल्टच, त्यामुळे असं ठळक मिश्रण इथे शोधून सापडणं अवघड. पण त्याचंच एक भावंड आहे: वर येताना मॅग्मानं भूकवचाचा खडक वितळवून पोटात घेणं. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला याल तेव्हा पोलादपूर नावाच्या थरांवरून आंबेनळी नावाच्या थरांवर येता. पोलादपूरच्या थरांत कवचाची भेसळ जास्त, आंबेनळीच्या थरांत ती अगदी थोडी. डोळ्यांना दोन्ही काळेच. भेद कळतो तो स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या प्रमाणावरून.