उंबऱ्यातलं गोणपाट

प्रश्न : डॉक्टर, आम्ही खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. मिरगात एक गावठी पिल्लू आणलं, मादी आहे, नाव चिंगी. आता अडीच महिन्यांची झाली. पाऊस जरा उघडला की मी तिला अर्धा-अर्धा तास परसात घेऊन फिरते. तिथं ती काहीच करत नाही आणि आत आल्याबरोबर उंबऱ्यात पाय पुसायला टाकलेल्या गोणपाटावर शू करते. ह्यांनी दोनदा तिचं नाक त्यात घासलं, फटकाही दिला. तेव्हापासून ती कपाटामागं जाऊनही करायला लागली आहे. सासूबाई म्हणतात, सोडून या कुठंतरी. काय करू?

उत्तर : ताई, सोडायचा विचार आधी मनातून काढून टाका. चिंगीत काही खोट नाही. या वयात लघवी दोन-तीन तास धरवते, तीही झोपेत. जागी असताना, खेळताना तासाभरातच लागते. पुरता ताबा यायला चार ते सहा महिन्यांचं वय व्हावं लागतं.

नाक घासणं आजपासून बंद, हे घरातल्या सगळ्यांना सांगा. लहानपणी नंदगडला आमच्या घरी हेच व्हायचं. आजोबा रागीट नव्हते, पण कुत्र्याला वळण असंच लावतात अशी त्यांची समजूत होती. आमचा खंड्या आठवड्याभरात माणसांसमोर शू करायचाच थांबला आणि भाताच्या कणगीमागं जायला लागला. घरात करायचं नाही, हे तो शिकलाच नाही. माणसांच्या देखत करायचं नाही, एवढंच शिकला. चिंगीचं कपाट म्हणजे तीच कणगी. परसात तुम्ही शेजारी उभ्या असताना ती काही करत नाही, त्याचंही एक कारण हेच असणार. तुमच्या समोर शू केली तर मार बसतो, असं तिला वाटतंय.

आता गोणपाट. दोन महिन्यांच्या पुढं पिल्लाच्या पायांना एका प्रकारच्या जमिनीची सवय लागायला लागते. मऊ, पाणी शोषणारं, ओलसर वासाचं काही पायाखाली आलं की शू येते. आपल्याकडं पावसाळ्यात दारोदार गोणपाट असतंच. चिंगीनं तेच आपलं ठिकाण धरलं आहे. म्हणून ते धुऊन टाकू नका, तेच कामाला लावा. पाय पुसायला दुसरं काही, खरखरीत काथ्याचं, टाका. हे वासाचं गोणपाट रोज हात-दोन हात मागच्या दाराकडं सरकवत न्या. चार-पाच दिवसांत ते परसात, पत्र्याच्या किंवा गोठ्याच्या वळचणीखाली, पाऊस लागणार नाही अशा कोपऱ्यात पोचलं पाहिजे. मग त्यावर मूठ-मूठ तांबडी माती टाकत जा. गोणपाट दिसेनासं होईतो ती मातीवर करायला लागलेली असेल.

तिला न्यायचं ते वेळ ओळखून. झोपून उठली की लगेच, खाल्ल्यावर दहा-पंधरा मिनिटांत, खेळ झाला की, आणि एरवी जागी असेल तर दर तासाभरानं. रात्री मधे एक-दोनदा उठावं लागेल, थोड्या दिवसांचा त्रास आहे. सकाळी मात्र चालवत नेऊ नका, उचलून न्या. चालवलं तर वाटेतच बसते. परसात दोरी लावून त्याच कोपऱ्यात उभ्या राहा. फिरवू नका, बोलू नका. फिरवलं की ती वास घेण्यात रमते आणि कशाला आलो ते विसरते. पाच-सात मिनिटांत झालं नाही तर आत आणा, पण मोकळी सोडू नका. दोरी हातात ठेवा आणि दहा मिनिटांनी परत न्या. तुमच्या अर्ध्या तासाच्या फेरीतली चूक इथंच होती. आत येऊन मोकळी झाली की तिचं राहिलेलं काम ती उरकायची.

बाहेर केलं, की त्याच क्षणी भाकरीचा नाहीतर उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्या. आत येऊन दिलात तर तिला वाटेल, आत आल्याचं बक्षीस आहे. आणि झाल्याबरोबर तिला घरात ओढू नका, पाच मिनिटं परसात खेळू द्या. नाहीतर शू केली की मजा संपते, हे ती फार लवकर हेरते.

शब्द एकच ठेवा. तुम्ही ‘शू कर’, मुलं ‘चल बाहेर’, शेजारच्या अक्का कन्नडमधून ‘होगु’ असं आपल्या भागात हमखास होतं. मराठी घ्या की कन्नड, सगळ्यांनी मिळून एक ठरवा.

घरात झालंच तर आधी कोरड्या फडक्यानं टिपून घ्या. फिनेलनं वास आपल्यापुरता झाकतो, तिच्या नाकाला तो येतच राहतो, आणि कोवळ्या पिल्लाला फिनेल चाटायला मिळणंही बरं नाही. एन्झाइमवाली धुण्याची पावडर कोमट पाण्यात कालवून पुसा आणि मग साध्या पाण्यानं पुसून काढा. व्हिनेगर वापरा असं कुणी सांगेल, पण तुमच्या घरात शहाबादी फरशी असेल तर वापरू नका. तो चुनखडीचा दगड आहे, आंबटानं झिजतो. जमीन सारवलेली असेल तर तेवढा भाग खरवडून परत सारवा.

लसींचं पत्रात काही लिहिलं नाहीत, म्हणून मीच विचारतो. पहिली लस सहा-आठ आठवड्यांची असताना, पुढच्या तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं सोळा आठवड्यांपर्यंत, आणि रेबीजची तीन महिन्यांना. हे पुरं होईतो तिला रस्त्यावर, भटकी कुत्री बसतात तिथं नेऊ नका. पार्व्होचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. दवाखान्यात दरवर्षी अशी पिल्लं रक्ताच्या जुलाबानं येतात आणि सगळी वाचत नाहीत. परस आहे ना तुम्हाला, तेवढंच पुरे. साचलेल्या पाण्यातही सोडू नका, लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पाण्यात उतरणाऱ्या आजाराची, भीती असते.

दर दहा मिनिटांनी थेंब-थेंब करत असेल, करताना कण्हत असेल किंवा लघवीत रक्त दिसलं, तर हा वळणाचा प्रश्न नाही, जवळच्या पशुवैद्याला दाखवा. आणि तुमचे हे घरात आल्यावर ती पोट टेकवून तिथंच शू करत असेल तर ती भीतीनं होते. त्यांना सांगा, दारात हाक मारू नका, वाकू नका. आधी हातपाय धुवा, मग खाली बसून तिला आपणहून जवळ येऊ द्या.

गोणपाट परसात पोचलं की मला दोन ओळी कळवा. सासूबाई काय म्हणाल्या तेही लिहा.