गोव्यात घरी किटमधून इलेक्ट्रिक गिटार बनवावी का, आणि कधी?

तुम्ही विचारलंय की फोंड्याला राहून, सुतारकामाचा अनुभव नसताना, किटमधून इलेक्ट्रिक गिटार बनवता येईल का, आणि किट जूनमध्ये हातात येणार असेल तर लगेच कामाला लागावं का.

बनवा. लगेच कामालाही लागा. फक्त रंगाच्या डब्याला दिवाळीपर्यंत हात लावू नका.

मी डिचोलीचा. आतापर्यंत तीन गिटारी जोडल्यात, आणि पहिलीच्या वेळी मी नेमकं हेच केलं नाही. जुलै महिना होता, दुपारी दोन तास उघडीप मिळाली म्हणून पडवीत बॉडी टांगली आणि एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकरचे तीन हात मारले. संध्याकाळपर्यंत सगळ्या बॉडीवर दुधाची साय धरल्यासारखा पांढरा थर. लॅकरमधलं थिनर भराभर उडतं, त्यामुळे पृष्ठभाग गार पडतो, आणि हवेतली ओल त्या ओल्या थरात अडकून बसते. वाड्यावरच्या मेस्तांना, म्हणजे सुतारांना, दाखवली तेव्हा त्यांनी अंगठ्याने कड दाबून बघितली आणि म्हणाले, "बाबा, हे लाकूड पाणी पिऊन बसलंय. त्याच्यावर वरून झाकण कशाला घालतोस?" मग सगळं घासून काढलं, आणि घासताना कडांची गोलाईही थोडी गेली ती गेलीच. चवथीच्या आरतीला घुमट (मडक्याच्या तोंडावर चामडं ताणलेलं आपलं वाद्य) वाजवणाऱ्या माणसाला हे खरं तर आधीच कळायला हवं. पावसात चामडं सैल पडून आवाज बसतो म्हणून आपण घुमट शेकवतो. लाकडाचंही तेच.

म्हणून पावसाळ्यात करायची कामं वेगळी आणि नंतरची वेगळी, अशी विभागणी करा.

किट अजून मागवलं नसेल तर टेलिकास्टर पद्धतीचं घ्या. लिओ फेंडर कॅलिफोर्नियात रेडिओ दुरुस्त करायचे, स्वतः गिटार वाजवत नसत. 1950 च्या सुमारास त्यांनी ही गिटार आखली ती कारखान्यात पटकन जोडता यावी आणि बिघडली तर भाग बदलता यावा अशी: सपाट बॉडी, चार स्क्रूंनी बसणारी नेक (गिटारची मान), स्थिर ब्रिज (बॉडीवर तारा जिथे टेकतात तो भाग), दोन पिकअप (तारांची कंपनं पकडणारी चुंबकं), एक स्विच. किटमधून बनवायला याहून सोपी रचना नाही. लेस पॉल पद्धतीच्या बऱ्याच किटमध्ये नेक चिकटवावी लागते, आणि तिथे कोन चुकला की दुसरी संधी नाही. ती दुसऱ्या वेळेला ठेवा. एक मात्र लक्षात घ्या, पैसे वाचतील म्हणून किट घेऊ नका. हत्यारं आणि पॉलिशचा खर्च धरला तर नवशिक्याची तयार गिटार जवळपास तेवढ्यातच येते.

किट आलं की आधी सगळं कोरडं, म्हणजे रंग-गोंद न लावता, जोडून बघा. हे काम भर पावसात घरात बसून करता येतं आणि गिटार चांगली होणार की नाही ते इथेच ठरतं. या गिटारीची स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, 648 मिलिमीटर. म्हणजे नटच्या (नेकच्या डोक्याकडची खाचांची पट्टी) आतल्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) मध्यापर्यंत 324, आणि तिथून पातळ ई तारेच्या सॅडलपर्यंत (ब्रिजवरचा तारेचा सरकता टेकू) पुन्हा 324. नेक तिच्या खाचेत बसवा, ब्रिज नुसता ठेवा आणि स्टीलच्या पट्टीने मोजा. तिथून सॅडलना आणखी मागे सरकायला जागा उरली पाहिजे, कारण जाड तारांना काही मिलिमीटर जास्त लांबी लागते. मग शिवणकामाचा दोरा घ्या. नटच्या दोन्ही टोकांच्या खाचांतून दोन दोरे ब्रिजच्या बाहेरच्या दोन सॅडलपर्यंत ताणून चिकटपट्टीने धरा आणि वरून बघा. फ्रेटबोर्डच्या दोन्ही कडांपासून दोरे सारख्या अंतरावर असले तर नेक सरळ आहे. एक दोरा कडेवरून घसरायला आलेला दिसला तर वाजवताना तारही तिथूनच घसरेल.

माझ्या दुसऱ्या किटमध्ये ब्रिजची भोकं आधीच पाडलेली होती आणि पावणेदोन मिलिमीटर बाजूला होती. बांबूच्या काड्या गोंद लावून भोकांत ठोकल्या, एक दिवस वाळू दिल्या, कड कापून सपाट केली आणि नव्याने बारीक भोकं पाडली. स्क्रू पिळताना त्याला मेणबत्तीचं मेण लावा, नाहीतर नेकच्या कठीण मेपल लाकडात डोकं तुटून स्क्रू आतच राहतो.

पावसाळ्यातलंच दुसरं काम म्हणजे फ्रेट. जुनं एटीएम कार्ड घ्या आणि त्याची कड एका वेळी तीन फ्रेटवर ठेवा. कार्ड डुगडुगलं तर मधला फ्रेट उंच आहे. त्यावर मार्करने खूण करा, फ्रेटबोर्ड चिकटपट्टीने झाका आणि बारीक कानशीने थोडं थोडं घासून पुन्हा तपासा, मग माथ्याला परत गोलाई द्या. फ्रेटची टोकं हाताला खरखरीत लागत असतील तर तीही गोल करा. स्वस्त किट आणि चांगली गिटार यांतला फरक मला बाकी कशापेक्षा इथेच जास्त जाणवला आहे, म्हणून यात दोन आठवडे गेले तरी जाऊ द्या. फ्रेटबोर्ड शिसवीचा असेल तर त्याला लॅकर लावत नाहीत, शेवटी तेलाचा हलका हात पुरतो.

वायरिंगला लोक उगाच घाबरतात. पॉटच्या (आवाज कमी-जास्त करायच्या बटणाखालचा भाग) पाठीला आधी पॉलिश पेपरने चरे पाडा आणि 60 वॉटची सोल्डरिंग आयर्न वापरा. 25 वॉटची तिथे तापत नाही आणि डाख नुसता वर गोळा होऊन बसतो. ब्रिजखालून येणारी ग्राउंडची वायर विसरू नका. अॅम्प लावल्यावर तारांना हात लावताच घरघर कमी झाली तर ती वायर नीट आहे. तारा चढवण्याआधी पिकअपवर स्क्रू ड्रायव्हर हलकेच टेकवून टकटक ऐकू येते का बघा.

आणि हे मी आग्रहाने सांगतो: गिटारच्या तारा अॅम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. आपल्याकडच्या जुन्या कौलारू घरांत बऱ्याचदा तिसरी पिन नुसतीच असते, मागे अर्थिंग नसतं. इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतल्याशिवाय अॅम्प लावू नका. दोन पिनांचा जोड लावून तर कधीच नाही.

दिवाळीनंतर रंग. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे आपले महिने, आणि त्यातही दहा ते चारची वेळ. बॉडीवरून आधी ओलसर फडकं फिरवा. कारखान्यात गोंद सांडलेला असेल तर तेवढा डाग फिकट दिसतो. तिथे रंग धरणार नाही, तो घासून काढा. मग 120, 220, 320 असे पॉलिश पेपर, नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेने. फवारणीची सोय नसेल तर उकळलेलं जवसाचं तेल फडक्याने चोळा. पातळ हात, एक दिवस वाळवण, पुन्हा पातळ हात, असे पाच-सहा. ते तेलकट फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ते आतून तापतं आणि आपोआप पेट घेऊ शकतं. पाण्यात भिजवून, पसरून बाहेर वाळत घाला.

शेवटची जुळणी. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी 0.25 मिलिमीटरच्या आसपास फट हवी. मोजायला म्हापशात किंवा फोंड्यात कुठल्याही ऑटो स्पेअर्सच्या दुकानात फिलर गेज मिळतं, मेकॅनिक इंजिनचे व्हॉल्व्ह लावायला वापरतात तेच. फट कमी-जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक कमी-जास्त करणारी सळई) एका वेळी पाव फेराच फिरवा आणि थांबा. मग बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला सूर चढा आला तर सॅडल मागे, उतरा आला तर पुढे.

पुढच्या जूनअखेरीस ही फट पुन्हा मोजा, आणि ऑक्टोबरात आणखी एकदा. माझ्या तिसऱ्या गिटारला दर पावसाळ्यात पाव फेरा लागतो, तो दिला की ती पुन्हा सुरात येते.